वाचकांचे प्रश्न : बघणारे कोणी नसते तेव्हा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे किनारपट्टीतून आली आणि त्यांतील तक्रार, शब्द निरनिराळे असले तरी, एकच होती : काम माझेच आहे, मला ते येते, करायचेही आहे, तरी मी ते आज करत नाही. ही सारी पत्रे घरी बसून एकट्याने काम करणाऱ्यांची आहेत. त्यांतील चार या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून गावांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहतो. वय तेहतीस. पुण्यात एका कार्यालयात सात वर्षे इमारतींचे नकाशे संगणकावर काढण्याचे काम केले. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो तो परत गेलो नाही. आता पुण्यातील दोन वास्तुविशारदांचे नकाशे घरूनच काढून देतो आणि नकाशामागे पैसे मिळतात. कार्यालयात मी कधी मागे पडलो नव्हतो. इथे मात्र नऊ वाजता संगणक सुरू करतो आणि साडेअकरापर्यंत बातम्या, क्रिकेट, विहिरीवरचा पंप, आईने सांगितलेले नारळ असे काहीबाही करत राहतो. जेवल्यावर डोळा लागतो. संध्याकाळी धडकी भरते आणि मग रात्री दोनपर्यंत जागून काम उरकतो. जुना नकाशा दुरुस्त करायचा असला की मी लगेच बसतो, पण नवा काढायचा असला की दोन-दोन दिवस फाइल उघडत नाही. ताई, मी आळशी झालो आहे का? शिस्त लावण्याचा उपाय सांगा.

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. जुना नकाशा दुरुस्त करायला तुम्ही लगेच बसता. आळशी माणूस जुने आणि नवे असा भेद करत बसत नाही, त्याला दोन्हींचा सारखाच कंटाळा असतो. जुन्या नकाशात कुठे चुकले आहे हे कोणीतरी दाखवून दिलेले असते आणि हात कुठे घालायचा ते ठरलेले असते. नव्या नकाशाला मात्र कोरा पडदा असतो, आणि माझा अंदाज असा की कच्च्या आराखड्यातील जिन्याच्या पायऱ्या मजल्याच्या उंचीशी जुळत नाहीत हे पहिल्या दहा मिनिटांतच कळणार, मग वास्तुविशारदाला फोन करावा लागणार आणि ‘एवढेही समजत नाही का’ असे तो म्हणणार, ही धास्ती त्या कोऱ्या पडद्यामागे उभी असते. साडेअकरापर्यंतची तुमची सारी धावपळ त्या धास्तीपासून लांब राहण्याची आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात चालढकलीचाच अभ्यास करण्यात अनेक वर्षे घालवलेले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांचे म्हणणे हेच आहे की, चालढकलीचे मूळ वेळेच्या नियोजनात शोधण्यापेक्षा मनःस्थितीत शोधावे : नकोशी भावना टाळली की त्या क्षणी बरे वाटते, आणि बरे वाटले म्हणूनच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळतो. वेळापत्रकाचे नवे ॲप घेऊन तुमचे काही भागेल असे मला म्हणूनच वाटत नाही.

तुमच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल, लहानपणी दोराला हातही लावला असेल. होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत माणसे ती ओढत राहतात. आज ओढायचा उत्साह आहे की नाही हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही. दोर हातात असतो, पुढचा ओढतो, मागचा ओढतो, आणि मधल्याने हात सैल सोडला की ते दोघांनाही लगेच कळते. पुण्यात तुम्ही मागे पडत नव्हता याचे सारे श्रेय तुम्ही स्वतःच्या शिस्तीला देऊन टाकले आहे, पण त्यातले निम्मे तरी दोराचे होते. शेजारच्या टेबलावरचा माणूस कामाला लागायचा म्हणून तुम्हीही लागत होता. माणूस तोच आहे, दोर तेवढा सुटला आहे, आणि तो आता तुम्हाला घरीच वळावा लागेल.

त्याचा पहिला पीळ आदल्या संध्याकाळी घालायचा आहे. उद्या नवा नकाशा घ्यायचा असेल तर आज उठण्यापूर्वी त्याची फाइल तयार करा, तिला नाव द्या, भूखंडाची हद्द तेवढी काढा आणि थांबा. शेजारच्या कागदावर एकच ओळ लिहा : ‘सकाळी प्रथम दर्शनी भिंत.’ म्हणजे सकाळी तुम्ही नवा नकाशा सुरू करणार नाही, जुना पुढे नेणार आहात, आणि ते तुम्हाला जमते हे तुम्हीच लिहिले आहे. मी गेली बावीस वर्षे रत्नागिरीत घरी बसून भाषांतराचे आणि संपादनाचे काम करते आणि दिवसातले शेवटचे वाक्य मुद्दाम अर्धे ठेवून उठते. परिच्छेद पुरा करून उठण्याचा मोह फार असतो, पण पुरा केला की सकाळी पुन्हा कोरा कागद समोर येतो आणि मग मलाही अचानक झाडांना पाणी घालायचे आठवते.

दुसरे असे की ‘नऊ वाजता बसेन’ हा तुमचा संकल्प घड्याळाला बांधलेला आहे आणि आपल्या घरातल्या घड्याळाला कोणी भीत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यासंबंधीचे अनेक प्रयोग एकत्र मांडून दाखवले की ‘मी हे करीन’ एवढ्या मोकळ्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक ठिकाणी अमुक करीन’ असा नेमका बांधलेला संकल्प अधिक वेळा तडीस जातो. तुमचा संकल्प घड्याळाऐवजी चहाच्या कपाला बांधा. सकाळचा चहा आणि घावणे झाले, कप विसळून पालथा घातला, की फोन माजघरातल्या फडताळात ठेवायचा आणि पडवीतल्या टेबलाशी बसून दर्शनी भिंत काढायला घ्यायची. कप पालथा घालणे आणि टेबल यांच्यामध्ये बातम्यांना जागा ठेवायची नाही. वास्तुविशारदाला विचारायच्या शंका सुचतील तशा कागदावर टिपून ठेवा आणि अकरा वाजता एकदम विचारा. पाच शंका एकत्र विचारणारा माणूस अडाणी न वाटता काळजीपूर्वक काम करणारा वाटतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

आता नारळांविषयी. दिवसा घरात दिसणारा पुरुष रिकामाच आहे अशी आपल्याकडे सर्वांची समजूत असते (घरात दिसणाऱ्या बाईच्या वाट्याला तर तेवढीही शंका येत नाही, पण तो विषय पुढच्या पत्राचा). ‘कामाच्या वेळी हाक मारू नकोस’ असे आईला सांगून उपयोग नाही, कारण कामाची वेळ कोणती हे सध्या तुम्हालाच ठाऊक नाही. त्याऐवजी तिला असे सांगा की साडेआठ ते अकरा पडवीचे दार लोटलेले असेल आणि त्यानंतर नारळ, पंप, ग्रामपंचायत यांसाठी मी मोकळा आहे. नारळ काढणाऱ्याला अकरानंतर बोलावता येते. अकरा ही वेळ मी मासळीवालीच्या हाकेवरून धरली आहे, कारण ती हाक आल्यावर किनाऱ्यावरच्या घरात कोणाचे चित्त थाऱ्यावर राहत नाही आणि ते राहावे असा आग्रहही धरू नये. तुमच्याकडे ती आधी येत असेल तर वेळ अलीकडे घ्या. अडीच तास तुम्हाला थोडे वाटतील, पण सध्या सकाळी तुमच्या हाती तेवढेही लागत नाहीत.

त्याचबरोबर रात्र बंद करावी लागेल, आणि हे सर्वांत जड जाईल. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात थट्टेच्या सुरात लिहिले होते की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढा व्यापून टाकीपर्यंत काम फुगत जाते. त्यांचा रोख सरकारी नोकरशाहीवर होता, पण तुमच्या दिवसाला ते चपखल लागू पडते. रात्री दोनपर्यंतचा वेळ शिलकीत आहे हे मनाला माहीत असते, म्हणूनच ते सकाळ उधळायला धजते. संध्याकाळी सात वाजता संगणक बंद करायचा असे ठरवलेत तर पहिल्या आठवड्यात एखादा नकाशा उशिरा जाईल. जाऊ द्या, फक्त वास्तुविशारदाला आदल्या दिवशीच तसे कळवा.

पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी घरून काम करणारा एखादा असेलच. फोन फडताळात जाण्यापूर्वी त्याला ‘दर्शनी भिंत घेतली’ एवढा संदेश पाठवा आणि अकराला ‘झाली’ किंवा ‘झाली नाही’ असा दुसरा. त्याने शाबासकी द्यायची नाही आणि उपदेशही करायचा नाही, आपला संदेश तेवढा पाठवायचा. राहता राहिला पावसाळा : वीज जाईल, रेंज जाईल, आणि वीज गेली की सुटल्यासारखे वाटेल. मला अजूनही वाटते. कच्च्या आराखड्यावर पेन्सिलीने मापे टाकण्यासारखी कामे त्या वेळेसाठी आधीच बाजूला काढून ठेवलीत तर सुटका अर्ध्या तासापेक्षा लांबणार नाही.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या घरी मी आमसुले, कोकमाचे आगळ, आंबापोळी, फणसपोळी करून विकते. सासूबाई होत्या तोवर आम्ही दोघी करत होतो. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली, यजमान मुंबईला नोकरीला असतात आणि मुलगी शिकायला रत्नागिरीला आहे. एप्रिल-मे मध्ये पहाटे चारला उठते आणि रात्री दहापर्यंत पाठ टेकत नाही, त्याचे मला काही वाटत नाही. पण हिशेब लिहायचा म्हटले की हातपाय गळतात. सासूबाईंना लिहिता-वाचता फारसे येत नव्हते, तरी त्या होत्या तोवर माझी वही चालू होती. आता दोन वर्षांची बिले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. डबा दिसला की छातीत धस्स होते म्हणून तो माळ्यावर ठेवला आहे. मुंबईच्या दोन दुकानदारांकडे पैसे अडकले आहेत, पण किती ते सांगता येत नाही. यजमान म्हणतात, हा तुझा आळस आहे.

उत्तर : पहाटे चारला उठणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्या यजमानांना पुढच्या मे महिन्यात पंधरा दिवस घरी बोलवा आणि रतांबे फोडायला बसवा, एवढेच त्या आरोपाविषयी सांगते.

रतांब्यांच्या बाबतीत तुम्ही कधी चालढकल करत नाही, कारण रतांबे तुम्हाला ती करू देत नाहीत. पिकले की फोडावे लागतात, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागून पाऊस आला की वाळवण संपते. कौले परतायची, सरपण आत घ्यायचे, आगोटीचे सामान भरायचे, ही सारी कामे आपण वेळेवर करतो ती आपण फार शिस्तीचे आहोत म्हणून नव्हे, आभाळ थांबत नाही म्हणून. बिलांवर पाऊस पडत नाही. ती माळ्यावर सुखाने कोरडी राहतात, आणि ज्या कामाला कोणीच मुदत घालत नाही ते काम माळ्यावरच जाते.

पण मुदत नाही एवढेच कारण असते तर डबा पाहून छातीत धस्स झाले नसते. मला वाटते, त्या डब्यात बिलांबरोबर एका प्रश्नाचे उत्तरही आहे, आणि तो प्रश्न असा की एवढे राबून हाती काय उरते. आंबापोळीची किंमत ठरवताना तुम्ही रस, साखर, पिशव्या, एसटीने पाठवायचा खर्च हे धरत असणार, पण पहाटे चारपासूनचे स्वतःचे हात धरले आहेत का? नसतील तर वही उघडताच ते दिसणार, आणि ते दिसू नये असे मनाला वाटते. हे समजून घेतलेत तर हातपाय का गळतात याचे नवल वाटणार नाही. उत्तर वाईट निघाले तरी पुढच्या हंगामाचा भाव त्यावरूनच ठरवायचा आहे, आणि तो एप्रिलच्या आत ठरवावा लागेल.

तुमच्या पत्रातले सासूबाईंविषयीचे वाक्य मी दोनदा वाचले. त्या हिशेब लिहीत नव्हत्या, तपासतही नव्हत्या, तरी वही चालू होती, म्हणजे त्या शेजारी बसलेल्या असत. काजू सोलायला, चिंच फोडायला बायका एकमेकींच्या ओटीवर जमतात तेव्हा प्रत्येकीचे काम प्रत्येकीचेच असते, पण तेच एकटीने करायला घेतले तर दुपार सरत नाही. तुम्हाला हिशेब येणारे माणूस नको आहे, बसणारे माणूस हवे आहे. शेजारची कॉलेजात जाणारी एखादी मुलगी तिचा अभ्यास घेऊन संध्याकाळी तुमच्या ओटीवर अर्धा तास बसेल. तिला बिलांतले काही दाखवू नका आणि विचारूही नका. ती नसेल त्या दिवशी मुलीला रत्नागिरीला फोन लावून तो बाजूला ठेवा आणि तिने तिकडे तिचे वाचन करावे. ऐकायला हे पोरकट वाटेल, पण मी कित्येक जाडजूड मुद्रिते एका मैत्रिणीशी असा फोन जोडून, दीड-दीड तास दोघींनी एक शब्दही न बोलता, तपासली आहेत.

डब्याचे काय करायचे ते तुम्हाला आमसुलांनी आधीच शिकवलेले आहे. साल एका दिवसात आमसूल होत नाही. रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, आणि पुटावर पूट चढत ती काळी मऊ होत जाते. मधल्या एखाद्या दिवशी ढग आले म्हणून कोणी आख्खे वाळवण फेकून देत नाही. हिशेबालाही पुटे द्या. पहिल्या दिवशी डबा माळ्यावरून उतरवून ओटीवर उपडा करा आणि त्या दोन दुकानदारांची बिले तेवढी वेचून वेगळी बांधा, कारण त्यांत तुमचे पैसे आहेत. त्या दिवशी याहून जास्त काही करू नका. दुसऱ्या दिवसापासून त्या दिवसाची बिले त्याच संध्याकाळी नव्या वहीत उतरवा, आणि ती उतरवून झाली की जुन्यांपैकी वरची पाच घ्या, निवडत बसू नका. डब्यात सहाशे बिले असली तरी या गतीने चार महिन्यांत पत्र्याचा तळ दिसेल. परवाना आणि कर यांचे प्रश्न त्यातून निघतील, त्यांसाठी तालुक्याच्या गावी एखादा हिशेबनीस गाठा. तो डबा पाहून घाबरणार नाही, त्याने याहून मोठे डबे पाहिलेले असतात.

आणि दोन वर्षांबद्दल स्वतःला बोल लावणे थांबवा. हे मी समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. कार्लटन विद्यापीठातच २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पहिल्या परीक्षेआधी अभ्यास टाळलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. स्वतःला कोसत राहिले की डबा अधिक भीतिदायक होतो आणि माळ्यावर अधिक आत सरकतो. मी एका ग्रंथाची सूची करण्याचे काम तीन आठवडे टाळले होते. त्या काळात लोणच्यांच्या बरण्या दोनदा घासून पुसून पुन्हा लावल्या आणि रोज रात्री स्वतःला दूषणे दिली. सूची शेवटी दीड दिवसात झाली.

प्रश्न : मी सावंतवाडीची. स्पर्धा परीक्षेची तयारी घरीच करते आहे. दर रविवारी रंगीत पेनांनी चौदा तासांचे वेळापत्रक करते आणि मंगळवारी ते मोडते. मग पुढच्या रविवारपर्यंत मन लागत नाही. कोणते वेळापत्रक टिकते? तुम्ही मला ‘तू’ म्हटले तरी चालेल.

उत्तर : तुझे वेळापत्रक मंगळवारी मोडत नाही, ते रविवारीच मोडलेले असते. आपल्याला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज नेहमीच उदार असतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांच्या अंदाजांची सरासरी सुमारे ३४ दिवसांची होती आणि प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणून येत्या रविवारी वेळापत्रक करूच नकोस. आठवडाभर फक्त नोंद ठेव : कोणता विषय, किती वाजता घेतला, किती वाजता सोडला. सहा तास निघाले तर पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक सहाच तासांचे कर, आणि तेही काळ्या पेनाने. रंगीत पेनांनी वेळापत्रक करण्यात अभ्यास केल्याचे सगळे समाधान अभ्यासाआधीच मिळून जाते.

बसवतच नसेल तेव्हा स्वयंपाकघरातला टायमर पंचवीस मिनिटांवर लाव आणि तो वाजला की पाच मिनिटे ऊठ. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या अशाच टायमरवर ही पद्धत बसवली आणि टोमॅटोच्या इटालियन नावावरून ती ‘पोमोदोरो’ म्हणून ओळखली जाते. पंचवीस या आकड्यात जादू नाही. इतिहास वाचताना रंगलीस तर टायमर खुशाल बंद कर. गणिताच्या भीतीने उठावेसे वाटले तर मात्र तो वाजेपर्यंत थांब. गावात अभ्यासिका असेल तर निम्मे दिवस तिथे जाऊन बस, कारण मान खाली घालून वाचणाऱ्या दहा जणांत बसल्यावर फोन काढायला माणूस लाजतो.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक असून माझे वय एकाहत्तर वर्षे आहे. आमच्या गावाचा इतिहास लिहावा या हेतूने गेली सहा वर्षे साधने जमवत आहे. चार पेट्या भरल्या आहेत. आरंभ राजापूरच्या इंग्रज वखारीपासून करावा असे योजले आहे, परंतु काही मोडी कागदांचे वाचन व्हावयाचे आहे आणि ते झाल्याखेरीज लेखणी उचलणे प्रशस्त वाटत नाही. दरम्यान ज्या वृद्ध मंडळींकडून माहिती घेतली, त्यांपैकी तिघे निवर्तले. लिहून काही झालेले नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर : गुरुजी, आपण मागे आहात ते कष्टात नव्हे. सहा वर्षे उन्हातान्हात हिंडून चार पेट्या भरणाऱ्याला कष्टांविषयी मी काय सांगणार? आपली चालढकल कामाच्याच वेशात आली आहे, त्यामुळे ती ओळखू येत नाही. आणखी एक कागद पाहणे हे नेहमीच योग्य काम असते, आणि म्हणूनच त्याच्या आड पहिले वाक्य लपवता येते. लिहिलेले वाक्य चुकू शकते, न लिहिलेला इतिहास मात्र निर्दोष राहतो.

आपल्याच कोकणातले, चिपळूण परिसरात १८८० मध्ये जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करताना त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाचा आढावा लिहावा असे त्यांनी योजले, आणि त्यातून पाच खंड झाले. मुंबईत वकिली सांभाळून, एकट्याच्या बळावर. पण माझे लक्ष वेधते ते असे की पहिला खंड १९३० मध्ये बाहेर पडला आणि शेवटचा १९६२ मध्ये. त्यांनी पाचव्या खंडाची साधने जमेपर्यंत पहिला अडवून धरला असता तर १९६३ मध्ये भारतरत्न देताना कोणासमोर काय ठेवले असते? अर्थात या गोष्टीतला धोकाही मी लपवत नाही. प्रस्तावनेचे पाच खंड एखाद्याच्याच हातून होतात, बाकीच्यांच्या पाच खंडांची प्रस्तावनाही होत नाही.

माझी विनंती अशी की वखारीपासून आरंभ करू नये. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर स्वारी करून ती वखार लुटली याविषयी इतरांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. आपल्या गावच्या पाणवठ्याविषयी कोणीही लिहिलेले नाही. ज्या प्रकरणाला एकही कागद लागत नाही ते आधी घ्यावे : आपण ज्या शाळेत शिकवले ती शाळा, पहिल्या वर्षी पटावर किती मुले होती, पावसात पऱ्याला पाणी आले की पलीकडच्या वाडीतली मुले कशी येत, गावात दिवे आले तेव्हा पहिला कोणाच्या घरी लागला. वर्गात सांगत होता त्याच भाषेत रोज सकाळी अर्धे पान लिहावे आणि जिथे कागद पाहायचा राहिला आहे तिथे लाल शाईने ‘मोडी कागद पाहणे’ असे लिहून पुढे जावे. मोडी वाचून देणारे जाणकार मिळतील, त्यांना द्यायच्या कागदांची यादीही या लाल खुणांवरून आपोआप तयार होईल. चार पेट्या तोवर बंद ठेवाव्यात, आणि शक्य असेल तर किल्ली सूनबाईंकडे द्यावी.

उरलेल्या वृद्ध मंडळींकडे मात्र उद्याच जावे. पुन्हा माहिती विचारण्यासाठी नव्हे, त्यांनीच पूर्वी सांगितलेले आपण लिहिलेले अर्धे पान त्यांना वाचून दाखवण्यासाठी. आजोबा ‘तसे नव्हते हो, गुरुजी’ म्हणून मान हलवतील आणि आपल्याला दुरुस्त करायला काहीतरी मिळेल.

आपल्यावर वरिष्ठ कोणी नाही आणि अहवाल मागणारे तपासनीसही आता येणार नाहीत, म्हणून ते काम या सदराकडे घेते. शाळेच्या प्रकरणाची पहिली दोन पाने पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवावीत. मी ती वाचून पोच देईन, दुरुस्त करणार नाही. हस्ताक्षरात पाठवली तरी चालतील, मात्र पाकिटावर ‘अपूर्ण’ असे ठळक लिहावे, आणि ती दुसऱ्यांदा स्वच्छ उतरवून काढू नयेत.